दहा सेकंदांची किल्ली

“लाल दिवा लागला, की पिन काढायची. मनात धा आकडं मोजायचं. परत घालायची. आन् घर बंद करून कुटं जायाचं न्हाई. एवढंच काम हाय, योगिनी.”

हिंदुरावांनी हे सांगितलं त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती, तरी पिनेला हात लावला की योगिनीच्या कानात तेच शब्द, त्याच सुरात यायचे. हिंदुराव तिचे मोठे दीर. काळेवाडीत भाताची खाचरं होती तेव्हापासूनचं हे घर. खाचरांवर चाळी उठल्या, चाळींच्या इमारती झाल्या, आणि हिंदुराव कांद्याच्या टेम्पोबरोबर केबलच्याही धंद्यात शिरले. वस्तीत त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, आणि भाऊंनी एखादी गोष्ट ‘एवढंच’ म्हणून सांगितली की ती किती मोठी आहे हे ज्याचं त्यालाच नंतर कळायचं.

त्या दिवशी त्यांनी एक काळा डबा आणला आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. डब्याच्या पोटात एक कार्ड होतं, योगिनीच्या नावाचं. आधार कार्ड तिचं, सही तिची. बाईच्या नावावर स्वस्त पडतं, असं भाऊजी म्हणाले होते, आणि तिने घडी घातलेला कागद उलगडूनसुद्धा न बघता सही केली होती. घरच्या माणसाचा कागद कोण वाचतं?

डब्याचं काम काय, हे तिला हळूहळू समजलं. कंपनी टीव्हीवरचं चित्र कुलूप लावून पाठवते. त्या कुलपाची किल्ली दर दहा सेकंदांनी बदलते, आणि नवी किल्ली येते तीसुद्धा बंद पाकिटातून. ते पाकीट उघडायची विद्या फक्त कंपनीच्या कार्डाला. भाऊजींनी असं एकच कार्ड रीतसर घेतलं, डब्याला इंटरनेटची वायर जोडली, आणि वस्तीतल्या दीडशे घरांत दुसरे बारके, बिनकार्डाचे डबे देऊन टाकले. योगिनीच्या घरचं कार्ड पाकीट उघडायचं आणि दीडशे घरांना किल्ली सांगायचं. दहा सेकंदांनी पुन्हा. कंपनीच्या लेखी बघणारं घर एक. बघत होती दीडशे.

पहिल्या वर्षी एकदा तिने विचारलं होतं, की भाऊजी, हे चालतं का असं?

हिंदुराव हसले होते. “आपल्या हिरीचं पानी शेजाऱ्याला दिलं तर ती चोरी व्हती व्हय?”

विहीर आपली असेल तर नाही होत, हे उत्तर तिला सुचलं होतं. पण मोठ्या दिरापुढे सुचलेलं सगळंच काही ओठांवर येत नाही.

नवरात्रात घट बसले की घराला कुलूप लागत नाही. दिवा अखंड असतो, त्याच्याजवळ कुणीतरी माणूस हवंच. नऊ दिवस बाई घरातली घरात फिरते, दिव्यात तेल घालते, वात सारखी करते, आणि दहाव्या दिवशी मोकळी होते. योगिनीच्या घरात तीन वर्षं घट उठलेच नव्हते. वीज गेली की इन्व्हर्टरचा खटका फिरवायचा. डबा तापला की पंखा तिकडे वळवायचा. अडकला की पिन. नवरा दिग्विजय चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. त्याच्या शिफ्टा आठवड्याला बदलायच्या, त्यामुळे त्याच्या भरवशावर डबा सोडता येत नव्हता. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती जुन्नरला सकाळी गेली आणि पान वाढायच्या आधीच माघारी निघाली, कारण भाऊजींचा फोन आला होता, अर्ध्या काळेवाडीत चित्र नाही. आईने जेवणाचा डबा भरून दिला होता. तिने तो गाडीत उघडला नाही. घरी आल्यावर आधी पिन काढली, मग पाय धुतले.

तक्रार तिने कधी केली नाही. पहाटे उठावं, सडा घालावा, पोथीचा एक अध्याय वाचावा, गुरुवारी उपास धरावा, आणि जे समोर आलंय ते देवाने दिलेलं समजून करावं, हा तिचा नेम. पण हे देवाने दिलेलं नाही, भाऊजींनी दिलेलं आहे, हा विचार अलीकडे अध्यायाच्या मध्येच डोकं वर काढायचा, आणि मग तीच ओवी तिला दोनदा वाचावी लागायची.

बारक्या डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांचं कामही तिचंच होतं. सुरुवातीला डबा घेण्याआधी लोक कुरकुरले होते, की भाऊ, ह्या डब्याला नंबर नाही, काही नाही, हा पक्का कशावरून? मग हिंदुरावांनी योगिनीच्या डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला आणि कासारवाडीच्या छापखान्यात जाऊन सांगितलं, जशीच्या तशी छाप. छापणाऱ्याने जशीच्या तशी छापली. कार्डाचा नंबर तोच, खाली कंपनीचा फुकटचा फोन नंबर तोच. दीडशे चिठ्ठ्या. योगिनीने पाटावर बसून एकेका डब्यावर त्या चिकटवल्या, आणि नवी वस्तू दुसऱ्याच्या घरी जायची म्हणून प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोटही टेकवलं.

शेजारच्या अंबुबाईच्या डब्यावरचं कुंकू तर अजून होतं. अंबुबाई औशाकडची. लेकाबरोबर इकडे आली. लेक फौंड्रीतून गुजरातला गेला, सून-नातवंडं गेली, ही एका खोलीत राहिली. गुडघे गेलेले, त्यामुळे फिरणं नाही. सकाळी कीर्तन, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या. टीव्ही चालू असला की घरात मानूस हाय वाटतंय, असं ती म्हणायची.

मग तो शुक्रवार आला. दुपारचे अडीच. मालिकेत लग्नाच्या मांडवात नवरीची सख्खी आई येऊन उभी राहिली होती, आणि नेमकं तिथेच सगळीकडे चित्र गेलं. योगिनीने पिन काढली, आकडे मोजले, पिन घातली. काही नाही. पुन्हा काढली. भाऊजींना फोन लावला, तर ते चाकणच्या कांदा मार्केटात गाड्यांच्या गदारोळात, फोन लागेना. अर्धा तास असा गेला. हे कंपनीनेच मुद्दाम केलं होतं, हे नंतर समजलं. कुठल्यातरी कार्डाची किल्ली बाहेर फुटते आहे असा त्यांना वास आला होता, म्हणून ते आळीपाळीने एकेका भागातली कार्डं अर्धा तास बंद ठेवून बघत होते.

भाऊंचा फोन लागेना म्हटल्यावर बायकांनी डब्याकडे बघितलं. डब्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर फोन नंबर, तोही फुकटचा. त्या दुपारी काळेवाडीतल्या एका गल्लीतून तेवीस बायकांनी कंपनीला फोन केला आणि तेवीस जणींनी एकच कार्ड नंबर वाचून दाखवला. कंपनीला आणखी काही शोधायची गरज उरली नाही.

बावीस जणींना पलीकडच्या मुलीने विचारलं, की आपण योगिनी बोलताय का, तर कुणी नाही म्हणाली, कुणी घाबरून फोन ठेवला. अंबुबाईने हो म्हणून सांगितलं.

हे योगिनीला कळलं ते दहा दिवसांनी, सोमवारी. अंबुबाई भिंतीला धरत धरत तिच्या दारात आली. हातात लांबट पाकीट. बँकेचं असंल, वाचून दाव माय, म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली.

पाकिटावर नाव योगिनीचं होतं आणि पत्ता अंबुबाईचा.

योगिनीने उभ्या उभ्या वाचलं. अमुक नंबरच्या कार्डाचा गैरवापर होत आहे. कार्डधारक म्हणून अमुक तारखेला आपण फोनवर बोललात, ते बोलणं आमच्याकडे नोंदलेलं आहे. गुरुवारी बारा वाजेपर्यंत कंपनीच्या कासारवाडी कार्यालयात कार्डासह हजर राहून खुलासा करावा. न आल्यास ज्या नंबरवरून फोन झाला त्या व्यक्तीविरुद्ध पोलिसांत तक्रार देण्यात येईल.

तिने विचारलं, फोनवर नक्की काय बोललात?

“ती पोरगी पुढं जाईचना की,” अंबुबाई म्हणाली. “योगिनी बोलताय का, योगिनी बोलताय का. म्हणलं, व्हय, मीच योगिनी. लेकीचं नाव घ्यायला काय जातंय? पत्ता इचारला, तो माझा सांगितला. खोटं एकच बोलले बघ, दुसरं नाही. काय लिवलंय? बक्षीस हाय का?”

योगिनीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तिने पत्रात काय आहे ते सोप्या शब्दांत सांगितलं. पोलीस हा शब्द आला तशी अंबुबाईने पदर तोंडाशी धरला. तिच्या नवऱ्याला एकदा गावाकडे बांधाच्या भांडणात चौकीवर नेऊन बसवलं होतं, आणि तो परत आला तो धड बोललाच नव्हता कुणाशी. तिने हळूच विचारलं, की मला नेतील का गं?

योगिनीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. समोरच देवघरात समई तेवत होती.

“तुमच्या नावावर हे येऊ देणार नाही मी. समईसमोर सांगते.”

अंबुबाईने मान हलवली. तिचा योगिनीवर विश्वास होता. आख्ख्या गल्लीचा होता. बायका भिशीची चिठ्ठी तिच्याकडून उचलून घ्यायच्या, ती दोन बोटांत धरेल ती खरी म्हणून.

संध्याकाळी योगिनीने पत्र भाऊजींना दाखवलं. इथे तिची चूक झाली असं कुणी म्हणेल. पण घरावर संकट आलं की घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. भाऊजी काहीतरी मार्ग काढतील, दंड भरतील, डबा उचलून नेतील, असं तिला वाटलं. हिंदुरावांनी पत्र दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि चहा मागितला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट हायसं वाटल्याचं दिसत होतं. योगिनीला ते चांगलं लक्षण वाटलं नाही.

बुधवारी सकाळी ते आले तेव्हा हातात स्टॅम्पपेपर होता, टाइप केलेला. योगिनीचं कार्ड दोन वर्षांपूर्वी हरवलं. ते शेजारी राहणाऱ्या अंबुबाई यांच्याकडे असल्याचं तिला आता समजलं. त्या कार्डाचं पुढे काय केलं गेलं याची तिला कल्पना नाही. खाली सहीची जागा मोकळी.

“म्हातारीच्या घरात असाच एक डबा न्हेऊन ठेवलाय मी काल,” ते म्हणाले. “नवा दिला म्हणून खूश झाली, मला चहा पाजला. कार्ड उद्या धा वाजता मी सोता न्हेऊन त्यात घालतो. मग डब्यासकट गाडीत घालून तिला कासारवाडीला न्हेतो. दुसरं कार्ड मिळंस्तवर जरा अंधार राहील, राहूंदे.”

योगिनी म्हणाली, की त्या म्हाताऱ्या बाईने काही केलेलं नाही.

“म्हणूनच तर. म्हातारीला कोन काय करतंय? रडंल, पाया पडंल, दम देऊन सोडतील. तुला सोडतील? तुझ्या मागोमाग मला, आन् दिगूला?” त्यांनी कागद देवघराच्या कडेला, पोथीखाली सरकवला. आवाज अजिबात चढवला नाही. “सई तुझीच पायजे. उपासतापास करनारी बाई तू. तुझ्या शब्दाला कोन खोटं म्हननार न्हाई.”

ते गेले. इतकी वर्षं तिने नेम धरले, एकही उपास मोडला नाही, पारायणाच्या काळात चुकून खोटं बोलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. आणि हे सगळं साठवलेलं भाऊजींना हवं होतं, एका खोट्या कागदाला खरं करण्यासाठी. तिने पोथी उचलली, कागद बाजूला ठेवला, पोथी पदराने पुसली. मग कागद परत जिथे होता तिथे ठेवावा की फाडावा, हे न कळून तो फळीवर डब्यावर ठेवला. डबा गरम होता.

दिवसभर ती सुटायच्या वाटा शोधत राहिली. सही केली तर समईसमोरचा शब्द गेला, आणि अंबुबाई चौकीच्या बाकावर. सही केली नाही, तर कार्ड आपलं, डबा आपला, फळी आपली. दिग्विजयची कंपनीत कायम व्हायची वेळ आलेली. त्याआधी पोलिसांकडून दाखला लागतो, आणि बायकोचं नाव तक्रारीत असलं तर तो कसा मिळणार? जुन्नरला निघून जावं, तर कार्ड दहा वाजता अंबुबाईच्या डब्यात जाणारच. अंबुबाईला घेऊन जावं, तर तिचे गुडघे. दुपारी लाल दिवा लागला. तिचा हात आपोआप पिनेकडे गेला आणि दीडशे घरांत पुन्हा चित्र आलं. आपल्याच हाताने आपण कोंडून घेतो आहोत, हे तिला तेव्हा स्पष्ट दिसलं, आणि दिसूनही संध्याकाळपर्यंत ती आणखी दोनदा तेच करून बसली.

गुरुवारी सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने दिग्विजय तिसऱ्या शिफ्टमधून आला. पाठीत वाकलेला, नखांत तेल. तिने पाणी दिलं, भाकरी वाढली. स्टॅम्पपेपरचं त्याला भाऊने फोनवर सांगितलं होतं. तो खाली मान घालून जेवला. योगिनीने एवढंच विचारलं, की तुम्हाला काय वाटतं?

“मला विचारू नकोस,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, ताट सारताना, म्हणाला, “मी सांगितलं तर मी भाऊच्याच बाजूने सांगेन. मला लहानपणापासून तेवढंच येतं. तू मला न विचारता कर काय ते.”

तिने ताट उचललं. त्याने हात धुतले, पंख्याखाली आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं. झोपला होता की नाही, तिला कळलं नाही.

तिने अंघोळ केली, अध्याय वाचला. आज ओवी दोनदा वाचावी लागली नाही. समईत तेल घातलं आणि पावणेनऊला फळीपाशी गेली. डब्याच्या पोटातलं कार्ड अंगठ्याने दाबून बाहेर ओढलं. ते इतकं हलकं होतं की तिला नवल वाटलं; ह्याच्यासाठी तीन वर्षं. शेजारच्या घरातून कीर्तनाचा आवाज येत होता, तो शब्दाच्या मध्येच तुटला. मग पलीकडच्या घरातल्या बातम्या थांबल्या, मग समोरच्या माळ्यावरची गाणी. सकाळच्या वेळी गल्ली इतकी शांत तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

कार्ड रुमालात बांधून तिने पर्समध्ये ठेवलं. आधार कार्ड घेतलं. सही न केलेला स्टॅम्पपेपरही घडी घालून घेतला. कुणी काय सांगायला लावत होतं, ते दाखवायला. दिग्विजयच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि दार नुसतं ओढून घेतलं.

बायका दारांत येऊन उभ्या होत्या. समोरच्या घरातल्या मोनिकाने जिन्यावरूनच विचारलं, की तुझ्याकडं तरी दिसतंय का गं?

“नाही दिसत.”

“भाऊंना फोन लावू?”

“लाव,” योगिनी म्हणाली.

शेजारी अंबुबाई तयार होऊन बसली होती. इस्त्रीचं लुगडं, कपाळावर गोंदणाखाली बुक्का. भाऊ गाडीतून न्हेणार हायत, म्हणाली. गाडीत बसून किती वर्षं झाली, म्हणाली. आणि जुन्यातलं चित्र आत्ताच गेलं, नव्या डब्यात ते कधी यायचं, तेही विचारलं. तिच्या हातात रिकामी पिशवी होती, येताना काहीतरी भाजी घेऊन यावी म्हणून.

योगिनी तिच्यापुढे बसली.

“आज तुम्ही कुठं जायचं नाही. भाऊजी आले तर म्हणा, गुडघा धरलाय. कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका, कोणीही सांगितलं तरी. तो नवा डबा आहे तिथंच राहू दे, हात लावू नका त्याला.”

“आन् पोलीस?”

“फोनवर माझं नाव सांगितलंत ना तुम्ही? ते आता मी स्वतः जाऊन सांगते. कार्ड माझं आहे, सही माझी आहे, दीडशे डब्यांवर चिठ्ठ्या मी लावल्यात.”

अंबुबाईला सगळं उमगलं नाही, पण चेहरा बघून तिने पुढचं विचारलं नाही. पिशवी बाजूला ठेवली. आज गुरुवार, काही खाल्लंस का, एवढं विचारलं, आणि डब्यातून दोन खजूर काढून योगिनीच्या हातावर ठेवले.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पर्समधला फोन वाजायला लागला होता. तिने बघितलं नाही; कोणाचा ते ठाऊक होतं. नऊ वाजायला आले होते. नाक्यावर पिंपरीकडे जाणारी रिक्षा लागली होती, पण तिच्यात एकच माणूस बसलेला, आणि सीट भरेपर्यंत ती हलणार नव्हती. योगिनी क्षणभर थांबली. मग तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला, पर्स छातीशी धरली आणि नदीच्या पुलाच्या बाजूने, कडेकडेने, कासारवाडीकडे चालायला लागली.